काहीच न मागणारं झाड

खाऱ्या जमिनीवर काम करणाऱ्या माणसाला पत्ता सांगता येत नाही. शिरपूरहून निघा, तापीच्या दिशेने या, गावाचा फाटा लागेल, मग मारुतीचं देऊळ, मग पाण्याची टाकी, मग केळीच्या बागा. इथपर्यंत सगळं नीट सांगता येतं. बागा संपल्या की खुणा संपतात. पुढे विहीर नाही, झोपडी नाही, विचारायला माणूस नाही. मी फोनवर एवढंच सांगायचो, “जमीन पांढरी दिसायला लागली की थांबा. तिथे मीच दिसेन.”

बहुतेक जण येत नसत.

या अंकासाठी आपल्या कामाबद्दल लिहा, असं कळवलं गेलं तेव्हा पहिली अडचण ही आली की या कामाला नाव नाही. वर्तमानपत्रात होतो तेव्हा ‘बातमीदार’ एवढा एक शब्द पुरत असे. त्यानंतर जे केलं त्याला कोणी नर्सरी म्हणत, कोणी मला वनखात्याचा माणूस समजत. ज्यांच्या शेतात मी सर्वांत जास्त काळ उभा राहिलो ते लोटन नाना मला ‘जाळवाला’ म्हणत. त्यातल्या त्यात हे नाव अचूक होतं.

जाळ हे झाडाचं नाव आहे. वर्तमानपत्राच्या शेतीच्या पानावर काम करत असताना मी एकदा गुजरातच्या खाडीकाठी गेलो होतो. भरतीचं पाणी शेतात शिरून गावंच्या गावं नापीक झाली, अशी ती बातमी होती. ओसाड पट्ट्यात एकच झाड हिरवं होतं. फांद्या जमिनीपर्यंत झुकलेल्या, पानं लहान आणि जाडसर. तिथले लोक त्याला खारी जाळ म्हणत होते. आपल्याकडे पुस्तकांत त्याला पिलू म्हणतात. पान चावलं तर आधी खारट लागतं, मग मोहरीसारखं नाकात जातं. फळ मिरीएवढं, पिकलं की गुलाबी. बियांत तेल असतं आणि ते साबणाला चालतं. मीठ मुरलेल्या जमिनीत हे झाड कोणी न लावता उगवतं. तिथली एक संस्था ते मुद्दाम, ओळीने, पीक म्हणून लावून पाहत होती.

समुद्रापासून दूर, आतल्या भागातल्या खाऱ्या जमिनीतही ते येईल का, हे त्या संस्थेला बघायचं होतं. खानदेशात अशी जमीन होती. माझ्याकडे शेतकीची पदवी होती, मला अहिराणी कळत होती, आणि घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. बातमी लिहून दिली आणि मी त्याच संस्थेत रुजू झालो.

समुद्र नसताना जमीन खारी कशी होते, हे मला फार वेळा समजावून सांगावं लागलं. इथली माती काळी, चिकण, खोल. तिला वर्षानुवर्षं नदीतून आणि बोअरमधून उपसून पाणी दिलं जातं. ते मुरतं, पण पुढे वाहून जात नाही. उन्हाने पुन्हा वर ओढलं जातं आणि येताना खालचं मीठ घेऊन येतं. वर आल्यावर पाणी उडून जातं, मीठ राहतं. सकाळी पीठ सांडल्यासारखं दिसतं. काही ठिकाणी मीठ दिसतही नाही, पण माती ओली असताना साबणासारखी निसरडी आणि वाळली की दगडासारखी होते. तिला चोपण म्हणतात. कापूस तिथे बोटभर उगवतो आणि थांबतो.

गावोगावच्या बैठकांत माझं भाषण ठरलेलं होतं. “हे झाड पाणी मागत नाही, खत मागत नाही, फवारणी मागत नाही, राखण मागत नाही. काहीच मागत नाही.” डेस्कवर असतो तर हे वाक्य मी अर्धं छाटलं असतं. पण बैठकीत ते चालत असे. लोक मान हलवायचे, चहा घ्यायचे आणि घरी जायचे.

रोपं मागायला येणारे थोडे आणि तऱ्हेवाईक. सावद्याच्या एका केळी बागायतदाराने बांधावर लावायला रोपं नेली. काही दिवसांनी त्यांचा फोन आला, बोलण्यात राग होता. “भाऊ, तुमची रोपं गेली सगळी. मी काही कमी पडू दिलं नाही. ठिबक टाकलं, केळीला देतो तोच डोस दिला, वरून सावलीला नेट बांधली.”

मी म्हणालो, “त्यानेच गेली.”

“म्हणजे उपाशी ठेवायची होती?”

“हो.”

मग ते म्हणाले, “ते आपल्याच्यानं व्हायचं नाही, भाऊ,” आणि फोन ठेवला. त्यांची अडचण खरी होती. केळी हे रोज विचारपूस मागणारं पीक आहे. सकाळी उठून बागेत जायचं, पान बघायचं, नळी बघायची, घड बघायचा. ज्याच्या हाताला ही सवय लागली त्याला झाडापाशी नुसतं उभं राहता येत नाही.

दुसरे नशिराबादचे एक चाचा. रमजानच्या आधी ते एसटीने आले आणि फाट्यापासून चालत संस्थेच्या एका जुन्या प्लॉटवर पोचले. मशिदीपाशी मिसवाक, म्हणजे दात घासायच्या काड्या, विकायचे. ती काडी याच झाडाची असते. त्यांनी एक डहाळी तोडली, चावली, थुंकले आणि म्हणाले, “असली है.” मग त्यांनी मुळं मागितली. मी नाही म्हणालो, फांद्या घ्या म्हणालो.

“जड़ निकालूँगा तो झाड़ मरेगा, मालूम है,” ते म्हणाले. “पूछने में क्या जाता है?”

फांद्यांचा भारा बांधून झाल्यावर ते सावलीत बसले, डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. खाता खाता वर बघत म्हणाले, “बचपन से बेच रहा हूँ. इसके नीचे बैठा आज पहली बार.” एवढ्या वर्षांत या झाडाखाली माझ्यासोबत जेवलेलं ते एकच गिऱ्हाईक. ते परत आले नाहीत. गुजरातहून वाळलेला माल त्यांना स्वस्त पडत असावा.

आता लोटन नानांविषयी.

त्यांचं शेत गावाच्या टोकाला, केळीच्या बागांच्या पलीकडे होतं. आधी तिथे कापूस होत असे, मग बाजरी, मग काहीच नाही. पत्नी वारल्यानंतर ते एकटेच राहत होते. मुलगा भटू सुरतेत कापडाच्या मिलमध्ये होता, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला यायचा. शेतात काही नसतानाही नाना रोज सकाळी तिथे जात. बांधावरून एक फेरी मारत, एखादा दगड उचलून कडेला टाकत आणि परत येत. पाराजवळून जाताना कोणीतरी हमखास विचारी, “नाना, मीठ राखाले चालना का? चोरीले जाई ना!” नाना हात वर करून पुढे जात.

त्याच सुमारास सोलरवाले त्या भागात हिंडू लागले. त्यांना पडीक, सपाट, सलग जमीन हवी होती. लांब मुदतीचा भाडेपट्टा, सभोवती तारेचं कंपाउंड, दरवर्षी भाडं. भटूला ते पटलं होतं आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. बोलणी करायला कंपनीचा माणूस घरी आला तेव्हा मीही तिथे होतो. नानांनी भाडं विचारलं नाही. मुदत विचारली नाही. ते म्हणाले, “माले मन्हा वावरमा येता यी का?”

माझ्या शेतात मला येता येईल का, एवढंच. त्या माणसाने प्रामाणिकपणे सांगितलं, “नाही बाबा. आत करंट असतो. बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत.”

“बाहेरना कोन?” नानांनी विचारलं.

त्या माणसाने भटूकडे बघितलं, भटूने माझ्याकडे. मी माझं भाषण केलं. पाणी मागत नाही, खत मागत नाही. भटू हुशार होता, त्याला बापाचा मानही ठेवायचा होता. तो नानांना म्हणाला, “नाना, जाळले फळं येऊ दे. इकाई गयात ते वावर तुन्हं. नही ते प्लेटा.” सोलरच्या पॅनलला गावात प्लेटा म्हणतात. फळं विकली गेली तर शेत राहील, नाहीतर प्लेटा बसतील. असा तो करार झाला. तोंडीच.

गावात बातमी पसरली की नानांच्या शेतात जाळ लावणार. आपल्या भाषेत याचा अर्थ एकच होतो. लागवडीच्या सकाळी बांधावर बऱ्यापैकी गर्दी होती. लहान मुलं पुढे, बायका डोक्यावर पदर घेऊन मागे, आणि एक जण पाण्याची बादली घेऊन आला होता. मी गाडीतून रोपांच्या पिशव्या उतरवल्या. बादलीवाला म्हणाला, “अन् जाळ कव्हय लावशात?”

“हीच जाळ,” मी रोप दाखवलं.

“हाई?” तो म्हणाला. “हाई ते झाड शे!”

हसत हसत लोक पांगले. खाऱ्या प्लॉटवर मी बघितलेली ती एकमेव गर्दी, आणि तीही आग बघायला आलेली. नाना त्या दिवसापासून मला जाळवाला म्हणू लागले.

पहिल्या उन्हाळ्यात रोप तगेपर्यंत थोडं पाणी द्यावं लागतं. हे मी नानांना सांगितलं आणि त्यांनी ते काम उचललं. शेजारच्या बागेतून गोड पाणी घ्यायचं, सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे, सायकल हातात धरून बांधावरून चालत यायचं आणि एकेका रोपाला तांब्याने घालायचं. ते दिवसाचा बराच भाग तिथे असत. पाराजवळून जाताना आता कोणी मिठाचं विचारत नसे. घाईत असलेल्या माणसाला कोणी अडवत नाही.

पावसाळा गेला, रोपं उभी राहिली. मी नानांना आनंदाने सांगितलं, “आता पाणी बंद. मुळं खाली गेली. आता याला काही लागत नाही.”

“मंग मी काय करू?”

“काही नाही. आराम करा.”

कॅन सायकलवरून सोडून नानांनी कडुनिंबाखाली पालथे घातले.

पुढच्या उन्हाळ्यात एका कोपऱ्यातली झाडं पिवळी पडायला लागली. आधी पानं गळाली, मग फांद्या. मी एक झाड उपटलं. मूळ काळं पडलं होतं, वास येत होता. कीड दिसत नव्हती. मातीचा नमुना घेतला, इतर कोपऱ्यांतल्या मातीशी ताडून बघितला. मीठ तेवढंच होतं. मग बुंध्याभोवती बघितलं. तिथे हरळी होती. हिरवीगार, लुसलुशीत. चोपण जमिनीत, उन्हाळ्यात, हरळी आपली आपण येत नाही.

गोड्या पाण्याचा चोपण मातीवर उलटा परिणाम होतो. बाहेरच्याला हे पटत नाही, म्हणून सांगतो. अशा मातीत गोडं पाणी पडलं की तिचे कण सुटे होतात, विरघळल्यासारखे पसरतात आणि सगळी बारीक भोकं बुजवून टाकतात. पाणी खाली जात नाही, हवा आत जात नाही, मूळ गुदमरून कुजतं. मिठाने न मेलेलं झाड गोड्या पाण्याने मरतं.

एके सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. नाना कोपऱ्यात होते. सायकल बांधाला टेकवलेली, हातात तांब्या.

“नाना, हे काय?”

“पानी.”

“मी नको म्हणालो होतो.”

“तू म्हणना. झाड थोडं म्हणनं?”

“नाना, पाण्याने मरतंय ते. हे बघा, हे मूळ.” मी काळं मूळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बोटांत फिरवलं, वास घेतला. तांब्यातलं पाणी त्यांनी परत कॅनमध्ये ओतलं. सांडू न देता.

मग म्हणाले, “भाऊ, माले सकायमा उठीसन कोठे जावानं ते सांग.”

सकाळी उठून कुठे जायचं, हा प्रश्न माझ्या कोणत्याही माहितीपत्रकात नव्हता. तसं पाहिलं तर मीही त्या पांढऱ्या शेतात रोज सकाळी येत होतो, आणि झाडांना माझीही गरज नव्हती. मी उंची मोजायचो, पानं मोजायचो. न मोजली असती तरी ती वाढलीच असती.

हिवाळ्यात उरलेल्या झाडांना फुलोरा आला. इतका बारीक, की जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. होळीच्या आधी फळं धरली. गुजरातच्या सीमेपलीकडच्या एका साबणवाल्याशी मी बोलून ठेवलं होतं. त्याने नमुना म्हणून एक पोतं वाळलेली फळं मागितली होती. तेल पसंत पडलं तर पुढची खरेदी. भटूला मी हे कळवलं. त्याने उत्तर पाठवलं, “पोतं जाऊ द्या, मग बघू.” नानांचं शेत त्या एका पोत्यावर येऊन थांबलं होतं, आणि हे नानांनाही माहीत होतं.

पिकणारी फळं म्हणजे पाखरांना आमंत्रण. मी नानांना म्हणालो, “आता काम आहे. राखण करायची.” माझ्या भाषणात राखण मागत नाही असं होतं, ते मी त्या दिवसापासून वगळलं.

नाना दोन दिवस दिसले नाहीत. मग बघतो तर शेताच्या मधोमध माळा उभा. ज्वारी राखायला बांधत तसा, लाकडं रोवून, वर फळ्या टाकून, पळसाची पानं अंथरून. गोफण नवी विणलेली. शेजारी ढेकळांचा ढीग, एकसारखी निवडलेली. डोक्याला धुतलेला रुमाल. गावात त्यांना पुन्हा विचारणा सुरू झाली, पण सूर वेगळा होता. “नाना, माळावर का?” “हा, माळावर.” त्या पट्ट्यात ज्वारीचा माळा दिसेनासा होऊन बराच काळ लोटला होता. दोन-तीन म्हातारे नुसता तो बघायला येऊन गेले.

मला संस्थेच्या कामासाठी धुळ्याला जाऊन काही दिवस राहावं लागलं. परत आलो ते थेट शेतावर. लांबूनच आवाज ऐकू आला. भोरड्या उतरल्या होत्या. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ती पाखरं थव्याने येतात आणि झाड झाकून टाकतात. मी पोचलो तसा अख्खा थवा एका वेळी उठला, आकाशात वळला आणि नदीकडे गेला. झाडांवर फळं जवळजवळ उरली नव्हती. जमीन जांभळट डागांनी भरली होती.

नाना माळ्यावर बसले होते. गोफण मांडीवर. ढेकळांचा ढीग होता तसाच.

“नाना, गोफण?”

“शे ना. हाई काय.”

“मग मारली का नाही?”

थवा गेला त्या दिशेला नाना बघत होते. मग म्हणाले, “बठ्ठं वावर बोली ऱ्हायनं व्हतं, भाऊ.”

सगळं शेत बोलत होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या शेतात आवाज होता, आणि आवाज बंद करायचं काम मी त्यांना दिलं होतं.

“तुम्हाला माहीत होतं ना, पोतं गेलं नाही तर काय होईल?”

“माले बठ्ठं माहिती व्हतं,” नाना म्हणाले. “हात उठना नही.”

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. भोरड्या आल्या नसत्या तरी पोतं भरलं नसतं. जी झाडं उरली होती त्यांचं वय आणि संख्या बघता फार तर अर्धं भरलं असतं. मी हे भटूला फोनवर सांगितलं. “मग तुम्ही पोतं म्हणालातच का?” त्याने विचारलं. पाण्याने एक कोपरा मेला नसता तर भरलं असतं, हे त्या प्रश्नाचं उत्तर होतं. ते मी दिलं नाही. नाना त्याच्याशी नंतर याविषयी कधी बोलले की नाही, मला माहीत नाही.

आखाजीला भटू आला. ओट्यावर आम्ही तिघं बसलो. भटू आवाज चढवणारा मुलगा नव्हता. तो मला म्हणाला, “भाऊ, एक सांगा. तुमच्या झाडाला पाणी नको, खत नको, नाना नको. प्लेटांनाही नाना नको. मग प्लेटा काय वाईट? भाडं तरी येईल.”

मी वर्तमानपत्रात पुढाऱ्यांना अडचणीचे प्रश्न विचारले आहेत. इतका नेमका प्रश्न मला विचारला गेला नव्हता. नाना खाली बघत होते. मी म्हणालो, “झाडाला कंपाउंड लागत नाही.” भटूने मान डोलावली. तो मुद्दा त्याला मान्य होता, पुरेसा नव्हता.

कंपनीकडून भटूने एक अट मान्य करून घेतली. घरातल्या एकाला आत काम द्यायचं. भटूच्या मनात चुलतभाऊ होता, गावातही सगळ्यांनी तेच धरलं.

जेसीबी आला त्या दिवशी मी शेतावर होतो. जाळ सहज निघत नाही. फांद्या तुटतात, बुंधा फाटतो, मूळ राहतं. ऑपरेटर वैतागून म्हणाला, “काय लावलंय हे? लोखंड आहे का?” एका झाडाखाली त्याने खोल खड्डा घेतला तेव्हा मूळ सरळ खाली गेलेलं दिसलं. पांढऱ्या थरातून, काळ्या थरातून, त्याच्याही खाली. एवढी वर्षं मी जमिनीवरचं सगळं मोजलं होतं. ते मूळ मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मोजलं नाही. नाना त्या दिवशी घरीच होते.

पुढे संस्थेने आतल्या भागातले प्लॉट बंद केले. कारण कळवलं ते बरोबर होतं: झाड येतं, बाजार येत नाही. मी नशिराबादला बहिणीच्या घरावरच्या खोलीत राहायला आलो. हायवेचा आवाज येतो. खिडकीत कुंडी नाही. भाची कधी विचारते, “मामा, तुम्ही झाडांचं काम करायचात ना, मग आपल्याकडे एक तरी का नाही लावत?” मी म्हणतो, इथली माती चांगली आहे.

या उन्हाळ्यात शिरपूरला एका लग्नाला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने तापीकडे निघालो. पत्ता सांगणं आता सोपं झालं आहे. “सोलरवर सोडा,” म्हणालो, रिक्षावाल्याने पुढे काही विचारलं नाही.

केळीच्या बागा संपल्या आणि काळ्या काचांच्या रांगा सुरू झाल्या. सभोवती जाळीचं कंपाउंड. ऊन अजून वर आलं नव्हतं. रांगांमधून एक माणूस पाण्याचा पाइप ओढत येत होता. अंगात कंपनीचं नारिंगी जाकीट, हातात लांब दांड्याचा पुसणा. जाकीट मोठं होतं, गुडघ्यापर्यंत आलेलं. जवळ आल्यावर ओळखलं. नाना.

“जाळवाला ऊना!” ते जाळीपाशी आले. “बहू दिनमा ऊना, भाऊ. लगीनले का?”

चुलतभाऊ महिनाभर टिकला होता, मग सुरतेला गेला. नानांनी ते काम स्वतःकडे मागून घेतलं. साहेब लोकांनी वय बघून नाही म्हटलं होतं. नाना रोज सकाळी गेटवर जाऊन उभे राहिले. शेवटी त्यांना घेतलं.

काम त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. धुळीने काच झाकली की वीज कमी होते, म्हणून धुवायची. तापलेल्या काचेवर पाणी टाकायचं नाही, काच तडकते, म्हणून सकाळीच. बोअरचं पाणी चालत नाही, ते वाळलं की काचेवर पांढरे डाग राहतात. गोडं पाणी टँकरने येतं. या टोकापासून सुरू केलं की त्या टोकाला पोचेपर्यंत हे टोक पुन्हा धुळीने भरलेलं असतं.

“म्हणजे काम संपत नाही,” मी म्हणालो.

“नही ना!” नाना म्हणाले. चेहऱ्यावर समाधान लपत नव्हतं. मग आवाज थोडा खाली आणून, जणू मला वाईट वाटू नये म्हणून, म्हणाले, “तुन्हं झाडबी बेस व्हतं, भाऊ. पन प्लेटा बऱ्या शेतस. पानी ते मांगतस.”

जाळीच्या या बाजूला उभं राहायला मला अवघड वाटत होतं, म्हणून खाली बघितलं. नाना म्हणाले, “तठे नही. आठे दख.”

त्यांनी पुसण्याच्या दांड्याने जाळीच्या पायथ्याकडे दाखवलं. तारेच्या बाहेर, अगदी कडेला, एक रोप होतं. वीतभर, पानं जाडसर. थोड्या अंतरावर दुसरं. मग आणखी. इतर प्लॉटवरच्या झाडांची फळं खाऊन पाखरं कंपाउंडच्या तारेवर बसतात. जिथे बसली तिथे खाली बी पडलं होतं. कोणी लावलेलं नव्हतं. ओळ मात्र सरळ होती.

मी वाकून पान तोडलं, चावलं. खारट, मग तिखट.

“खरीच शे का?” नानांनी विचारलं.

“खरीच.”

नाना जाळीला टेकून उभे राहिले. पाइपच्या तोंडावर त्यांनी अंगठा दाबून धरला होता, बोटांच्या फटींतून पाणी झिरपत होतं. पाइपचं टोक त्यांनी जाळीच्या भोकातून थोडं बाहेर काढलं आणि माझ्याकडे बघितलं. परवानगी मागावी तसं.

“टाकू का याले?”

या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच मला इतकी वर्षं पगार मिळाला होता. चोपण माती, गोडं पाणी, कण सुटे होतात, मूळ गुदमरतं. मी रोपांकडे बघितलं, मग नानांच्या अंगठ्याकडे.

“पहिलाच उन्हाळा आहे,” मी म्हणालो. “टाका.”

नानांनी अंगठा काढला.